होडीवर राहताना गोदावरीच्या पुराची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीनगरच्या झेलमवर असते तशी हाउसबोटींची वस्ती नाशिकच्या गोदावरीवर नाही. तरीही गंगापूर धरणाच्या फुगवट्यापासून नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत या नदीवर रात्र काढणारी माणसे आहेत. त्यांत जाळी टाकून पहाटेची वाट पाहणारे मासेमार आहेत, हंगामभर छपराच्या होडीत चूल मांडणारे आहेत आणि हौसेने पाण्यावर मुक्काम करणारेही आहेत. आमच्या घरी निफाडच्या बाजूला दोन पिढ्या होडी आहे, त्यामुळे मृग नक्षत्र जवळ आले की तेच तेच प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

होडी तर तरंगते. मग पुराची भीती कशाला?

होडी पाण्याबरोबर वर चढते हे खरे, परंतु दोर तिला चढू देईल तेवढीच ती चढते. आखूड दोराने काठाशी जखडलेल्या होडीची एक बाजू पाणी वाढू लागताच खाली ओढली जाते, कड पाण्याखाली जाते आणि कोठेही छिद्र नसलेली धडधाकट होडी जागच्या जागी भरते. दुसरी गोष्ट वेगाची आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे उन्हाळ्यात होडी सहज धरून ठेवणारा खुंटा श्रावणात उपटून निघतो. शिवाय पुराचे पाणी एकटे येत नाही. त्याच्याबरोबर ओंडके, बाभळीच्या फांद्या, मंडपाचे बांबू, मेलेली जनावरे आणि पानवेलींचे, म्हणजे जलपर्णीचे, तरंगते गालिचे येतात. आणि काठावर उतरण्यासाठी टाकलेली फळी तर सर्वांत आधी वाहून जाते, मग होडी शाबूत असली तरी आतला माणूस अडकून पडतो.

गोदावरीला पूर कोठून येतो आणि तयारीला किती वेळ मिळतो?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय पुढची कोणतीही तयारी उपयोगाची नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि त्र्यंबकेश्वरहून नाशिकला येईपर्यंत तिचा प्रवास फार लांबचा नसतो. वाटेत गंगापूर धरण आहे आणि त्याच्याही वर काश्यपी व गौतमी ही धरणे आहेत. या धरणांतून येणारे पाणी सांगून येते. पाटबंधारे विभाग विसर्गाची वेळ आणि आकडा जाहीर करतो, विसर्ग बहुधा टप्प्याटप्प्याने वाढवला जातो आणि शहरापर्यंत पाणी पोहोचायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात शहाणा माणूस सामान काठावर नेऊन, दोर तपासून मोकळा होतो.

दुसरे पाणी न सांगता येते. आळंदी नदी गंगापूर धरणाच्या खाली गोदावरीला मिळते. शहरात वाघाडी, सरस्वती नाला आणि नासर्डी, म्हणजेच नंदिनी, हे प्रवाह तिच्यात येतात. शहरावर दोन तास जोरदार पाऊस झाला की रस्ते, गच्च्या आणि गटारे यांचे पाणी थेट या नाल्यांतून नदीत उतरते आणि धरणाचा एकही दरवाजा उघडलेला नसताना गोदाघाटावर पाणी चढते. त्यापुढे निफाड तालुक्यात दारणा गोदावरीला मिळते. ती इगतपुरीच्या घाटमाथ्याचे पाणी आणते. त्यामुळे नाशिकमध्ये लख्ख ऊन पडलेले असतानाही चांदोरी आणि सायखेड्याच्या बाजूला नदी फुगू शकते. आपली होडी कोणत्या टप्प्यात उभी आहे आणि तिच्या वर कोणकोणते पाणी नदीला मिळते, हे प्रत्येकाने एकदा वहीत लिहून काढावे.

आणखी एक समज दूर करणे आवश्यक आहे. धरण शंभर टक्के भरेपर्यंत पाणी सोडत नाहीत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या प्रत्येक टप्प्यात जलाशयात किती साठा ठेवायचा हे ठरलेले असते, जेणेकरून पुढे येणारा लोंढा सामावून घेता यावा. त्यामुळे साठा कमी असतानाही विसर्ग सुरू होऊ शकतो.

बातमीतील क्युसेकचा आकडा कसा वाचावा?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक विसर्ग याचा अर्थ दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर आपल्या होडीजवळून जात आहेत. हाच हिशेब पुढे नेला, तर ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, पाणी वाहून जाते.

मात्र एकटा आकडा पाहून फारसे कळत नाही. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गंगापूर धरणाचा विसर्ग एक सांगत असेल आणि अहिल्यादेवी होळकर पुलाखालचा प्रवाह त्याहून बराच मोठा असेल, तर मधला फरक आळंदीचा, नाल्यांचा आणि शहरातल्या पावसाचा आहे. तो फरक वाढत चालला असेल तर धरणाकडून येणाऱ्या पुढच्या सूचनेची वाट पाहत बसू नये. शहराच्या खाली राहणाऱ्यांनी या दोन्ही आकड्यांबरोबर दारणेचा विसर्गही पाहावा.

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, यावरून काय समजावे?

गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही नाशिककरांची जुनी मोजपट्टी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागले की सराफ बाजार, भांडी बाजार आणि पंचवटीतील दुकानदार त्यानुसार माल हलवतात. सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नारोशंकर मंदिराची घंटा या त्यापुढच्या खुणा आहेत. १९६९ चा महापूर ज्यांनी पाहिला ते आजही याच भाषेत बोलतात आणि २००८, २०१६ व २०१९ चे पूरही शहराने याच खुणांवर मोजले. तथापि ही मोजपट्टी रामकुंडाजवळची आहे. मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी होडीवाल्याच्या कानावर येते, तेव्हा त्याची होडी शहराच्या वर असेल तर ते पाणी पुढे निघून गेलेले असते आणि खाली असेल तर अजून यायचे असते. त्यामुळे आपल्या बांधण्याच्या जागेजवळच एक खूण निश्चित करावी. आम्ही काठावरच्या उंबराच्या खोडावर रंगाचे तीन पट्टे ओढले आहेत. पहिल्या पट्ट्याला पाणी लागले की सामान काढायचे, दुसऱ्याला माणसे उतरायची, आणि तिसऱ्याला पाणी लागेल तेव्हा तेथे कोणी असताच कामा नये.

पावसाळ्यात होडी कोठे बांधावी?

जून ते सप्टेंबर या काळात रामकुंड, गांधी तलाव आणि गाडगे महाराज पुलाचा परिसर या भागात होडी ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे दोन्ही बाजूंना दगडी घाट आहेत, पात्र अरुंद आहे आणि थोड्याथोड्या अंतरावर पूल आहेत. सुटलेली होडी पुढच्या पुलावर आडवी बसते, तिच्यामागे कचरा अडकतो आणि एका होडीच्या नुकसानीचे रूपांतर दहा दुकानांच्या नुकसानीत होते. २०२७ च्या सिंहस्थात तर ऐन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या घाटांवर गर्दी असणार आहे, त्यामुळे त्या वर्षी हे पथ्य दुप्पट काटेकोरपणे पाळावे लागेल.

नदीच्या वळणावर आतल्या बाजूला प्रवाह मंद असतो, बाहेरच्या बाजूला तो काठ खात जातो. म्हणून होडी आतल्या बाजूला, नाल्याच्या तोंडापासून दूर आणि पुलाच्या खालच्या अंगाला बांधावी. पुलाच्या वरच्या अंगाला बांधलेली होडी सुटली तर ती खांबांवरच जाते. बांधण्यासाठी झाड निवडताना पूररेषेचा आधार घ्यावा. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घाटाच्या कडीला होडी बांधली तर ती कडी पहिल्या तासातच पाण्याखाली जाते आणि मग गाठीपर्यंत हात पोहोचत नाही. निळ्या रेषेच्या वर ज्याचे मूळ आहे असे जुने, खोल मुळांचे झाड सर्वांत उत्तम.

दोर किती लांब असावा, कसला असावा आणि गाठ कोणती मारावी?

माझ्या अनुभवात नव्वद टक्के भांडण दोराचे असते. लांब दोराचा फायदा असा की पाणी दोन-तीन मीटर चढले तरी त्याचा कोन फारसा बदलत नाही आणि होडी त्याच्या टोकाशी शांतपणे वर सरकते. चार मीटर पाणी चढण्याची शक्यता धरली तर बारा-पंधरा मीटरपेक्षा आखूड दोर वापरू नये. एक दोर होडीच्या पुढच्या टोकापासून प्रवाहाच्या वरच्या दिशेला तिरका जावा आणि दुसरा मागच्या टोकापासून खालच्या दिशेला. पुढचा दोर दुहेरी, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन असावेत आणि ते दोन वेगळ्या झाडांना बांधावेत. काठाला काटकोनात ताणलेला आखूड दोर पावसाळ्यात ठेवू नये.

नायलॉनचा दोर ताणला जातो आणि हिसका पचवतो, म्हणून बांधण्यासाठी तोच घ्यावा. बाजारात सर्वत्र मिळणारा निळा किंवा पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो आणि पाण्यावर तरंगतो, परंतु उन्हात वर्षभर राहिला की त्याचा भुसा होतो. नखाने खरवडल्यावर त्यातून पांढरी पूड पडली तर तो दोर कपडे वाळत घालण्यासाठी ठेवावा. जेथे दोर होडीच्या कडेवर किंवा खोडावर घासतो तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवावा. पुराच्या एका रात्रीत घर्षणाने अर्धा दोर झिजू शकतो.

गाठीबद्दल एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रात्री पाणी चढले आणि आमच्या पुढच्या दोरावर एवढा ताण आला की तो तारेसारखा वाजू लागला. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर बाभळीच्या खोडावरची गाठ आवळून लिंबाएवढी झाली होती आणि पिळलेल्या कपड्यातून गळावे तसे तिच्यातून पाणी ठिबकत होते. ती सोडवताना काकांच्या बोटाचे नख गेले, पण गाठ तसूभरही हलली नाही, आणि होडीचे नाक तर खाली जाऊ लागले होते. शेवटी उसाच्या कोयत्याने दोर तोडला आणि मागच्या दोरावर होडी फिरून काठाला लागली. तेव्हापासून आम्ही खोडाला किंवा खुंट्याला आधी दोराचे दोन पूर्ण वेढे देतो आणि मग दोन अर्ध्या गाठी मारतो, कारण वेढ्यांवर ताण असतानाही दोर हळूहळू सैल सोडता येतो. आणि कोयता छपराच्या पहिल्या वाशाला, डाव्या हाताला, कायम टांगलेला असतो.

नांगर टाकला तर दोर बांधण्याची गरज उरते का?

उरते. मंद पाण्यात नांगराचा दोर खोलीच्या पाचपट तरी सोडावा लागतो, तरच नांगर आडवा ओढला जाऊन तळात रुततो. सध्या तीन मीटर खोली असेल आणि पाणी चार मीटर चढणार असेल तर हिशेब सात मीटरचा करावा, म्हणजे पस्तीस मीटर दोर लागेल. गोदावरीच्या तळाशी अनेक ठिकाणी खडक आहे, त्यावर नांगर घसरतो. नांगर हा तिसरा आधार समजावा.

पानवेलींचे काय करावे?

नाशिकच्या खालच्या पट्ट्यात हा खरा शत्रू आहे. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पानवेली उन्हाळाभर साचतात आणि पहिल्या लोंढ्याबरोबर एकत्र सुटतात. सायखेड्याच्या पुलाला त्या अडकल्या की पाणी मागे चढते, हे तेथील लोक वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. प्रवाहाला आडव्या बांधलेल्या होडीमागे वेलींचा थर साचू लागला की तो बघता बघता धक्क्यासारखा घट्ट होतो आणि त्याचा सगळा भार दोरावर येतो. म्हणून होडीचे नाक नेहमी प्रवाहाकडे असावे, म्हणजे वेली दोन्ही बाजूंनी सरकून जातात. लांब बांबूला आकडी लावून त्या ढकलता येतात, परंतु हे काम दिवसाउजेडी, जीवरक्षक जॅकेट घालून आणि सोबत दुसरा माणूस असतानाच करावे. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, आपल्या जागेच्या वरचा शंभर-दोनशे मीटरचा पट्टा साफ करून घेतला तर निम्मा त्रास वाचतो.

होडीच्या आत कोणती तयारी करावी?

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर दोराने बांधावा, अन्यथा पाणी शिरल्यावर तो आपटत फिरतो. काठावरून वीज घेतली असेल तर पहिल्या इशाऱ्यालाच काठाकडील बाजूने जोडणी काढावी, कारण पाण्यात पडलेली वायर होडी बुडण्यापेक्षा लवकर जीव घेते. बॅटरी उंचावर असावी आणि पाणी उपसणारा पंप जून उजाडण्यापूर्वी एकदा चालवून पाहावा. पंप असला तरी एक पत्र्याचा डबा हाताशी असू द्यावा, कारण डबा कधी बिघडत नाही. छपरावरचे जड सामान खाली उतरवावे आणि ताडपत्रीच्या बाजू गुंडाळून ठेवाव्यात, अन्यथा वाऱ्यात त्यांचे शीड होते.

आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, रेशन कार्ड, औषधे, चार्ज केलेली बॅटरी, थोडी रोख रक्कम आणि दोन दिवसांचे कोरडे खाणे एका घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात भरून तो जूनपासूनच दाराशी ठेवावा.

होडी सोडून केव्हा उतरावे?

लवकर. पहिल्यांदा विचारणाऱ्याला हे उत्तर अपुरे वाटते, म्हणून नेमके सांगतो. वरच्या धरणाचा विसर्ग वाढवल्याची सूचना आली, किंवा हवामान खात्याने घाट परिसरासाठी रेड अलर्ट दिला, किंवा अंधार पडण्याच्या वेळी पाणी चढत असेल, तर या तिन्हींपैकी एक कारण पुरेसे आहे. मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांनी ऑरेंज अलर्टलाच गावात नातेवाइकांकडे जावे. फळीवरून उतरताना खाली पाणी वेगाने वाहत असेल तर घोट्याच्या वरचे पाणीही पाय उचलते. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस उभा राहू शकत नाही.

पुरात होडीवर थांबून तिला सांभाळणारे लोक असतात, हे मला माहीत आहे. २०१४ मध्ये श्रीनगरला आणि २०१८ मध्ये केरळात होड्यांनी अनेकांचे प्राण वाचवले, असा दाखलाही दिला जातो. तो खरा आहे, परंतु तेथे बराचसा भाग पसरलेल्या, साचलेल्या पाण्याचा होता. नाशिकची गोदावरी डोंगरातून नुकतीच उतरलेली नदी आहे. तिच्या पुराला वेग असतो.

अडकल्यास ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. आपली जागा सांगताना गावाचे नाव, कोणता काठ आणि जवळचा पूल किंवा मंदिर यांचा उल्लेख करावा. ‘नदीजवळ’ एवढे सांगून बचाव पथकाला काहीही कळत नाही.

आमचा मुक्काम धरणाच्या फुगवट्यावर आहे. आम्हाला पूर लागतो का?

तेथे प्रवाहाचा धोका कमी आणि वाऱ्याचा जास्त असतो. मोकळ्या जलाशयावर पावसाळी वाऱ्याने उठलेल्या लाटा लहान होडीत सहज पाणी भरतात. दरवाजे उघडे असताना सांडव्याच्या दिशेने जाऊ नये, कारण वरून शांत दिसणारे पाणी आतून ओढत असते. नांदूरमध्यमेश्वरच्या वरच्या बाजूला नेमका उलटा त्रास होतो. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की पातळी उतरते आणि काठाला आवळून बांधलेली होडी चिखलात कलंडते. हा जलाशय पक्षी अभयारण्य असून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणूनही २०२० मध्ये जाहीर झाला आहे, त्यामुळे तेथे होडी कोठे ठेवता येईल याची वन विभागाकडे आधी खात्री करून घ्यावी.

पूर ओसरू लागला की धोका संपतो का?

होड्यांच्या बाबतीत तो तेव्हा सुरू होतो असे म्हटले तरी चालेल. पाणी भरलेले असताना होडी नकळत काठावर, घाटाच्या पायरीवर किंवा कोणाच्या तरी उसात सरकते आणि पाणी उतरले की तेथेच एका कडेवर लटकते. ती मोकळी राहावी म्हणून पुराच्या आधीच काठ आणि होडी यांच्यामध्ये दोन मजबूत बांबू उभे रोवून ठेवावेत, म्हणजे ती त्यांच्या बाहेरच राहते. पाणी उतरत असताना दिवसा दर दोन-तीन तासांनी दोर तपासून कमी-जास्त करावेत. रात्री मात्र कोणी जाऊ नये. भिजून फुगलेला मातीचा काठ पाण्याचा आधार गेला की अचानक ढासळतो. नुकत्याच उतरलेल्या पाण्याच्या कडेला भेग दिसली तर तिच्यापासून दूर उभे राहावे.

होडीत परत शिरण्यापूर्वी काठीने आपटून आवाज करावा. छपरात, जाळ्यांच्या ढिगात आणि फळ्यांखाली साप आश्रयाला आलेले असतात. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असल्याने पायाला जखम असेल तर गमबूट घालावेत आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास पुराच्या पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिसचा विचार त्यांना वेळेत करता येतो.

नुकसानभरपाईसाठी काय करावे?

साफसफाई करण्यापूर्वी होडी, जाळी आणि इंजिन यांची छायाचित्रे घ्यावीत आणि गावच्या महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना आपण अजून तलाठी भाऊसाहेब म्हणतो त्यांच्याकडे, पंचनाम्यासाठी अर्ज द्यावा. आपत्ती मदतीच्या निकषांत मासेमारांच्या होड्या आणि जाळी यांचा समावेश आहे, परंतु होडी आपलीच होती हे दाखवावे लागते. यांत्रिक होडीची नोंदणी आणि मच्छीमार संस्थेच्या सभासदत्वाचा कागद येथे कामी येतो. मे महिन्यात होडीच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवली तर ‘आधी कशी होती’ या प्रश्नावर वाद होत नाही.

होडी सुटून वाहून गेली तर शोधायची कशी?

तिच्यामागे पाण्यात किंवा काठाने धावू नये. खालच्या गावातील ओळखीच्या मासेमारांना आणि पोलीस पाटलांना लगेच फोन करावा, कारण पुलावर आदळण्यापूर्वी तिची माहिती पुढे जाणे महत्त्वाचे असते. यासाठी होडीच्या दोन्ही बाजूंवर नाव, गाव आणि फोन क्रमांक तैलरंगाने मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि तोच मजकूर तळाच्या बाहेरील बाजूसही लिहावा, कारण सापडलेली होडी बहुधा पालथी असते.